पोचवायला जावं, पण कुठवर?

घरातलं माणूस परगावी निघालं की त्याला पोचवायला जायचं, ही आपल्याकडची रीत काही आजची नाही. जवळ जाणार असेल तर अंगणापर्यंत, तालुका ओलांडणार असेल तर एस.टी. स्टँडपर्यंत, आणि मुंबई-हैदराबादच्या गाडीला बसणार असेल तर थेट दौंडच्या फलाटापर्यंत. हातात पिशवी, पिशवीत दशम्यांचा डबा आणि गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजावर ठेवलेला हात. दहा रुपयांचं फलाट-तिकीट काढलं की दोन तास निर्धास्त उभं राहता येतं. दहा रुपयांत एवढं समाधान दुसरीकडं कुठं मिळायचं?

पण आता आपल्या इंदापूर-बारामतीकडची मुलं विमानानं निघाली आहेत. कुणी जर्मनीला शिकायला, कुणी दुबईला नोकरीला, कुणाची लेक लग्न होऊन अमेरिकेला. परवाच आमच्या आळीतल्या एका घरासमोर तीन गाड्या उभ्या होत्या. मला वाटलं, लग्नाचं वऱ्हाड निघालं. चौकशी केली तर एका मुलाला विमानतळावर सोडायला सोळा माणसं! मैत्रिणींनो, हसण्यासारखी गोष्ट नाही ही. पहिल्यांदाच सातासमुद्रापार चाललेल्या मुलाला एकट्यानं गाडीत बसवून द्यायला कुठल्या आईचं मन तयार होईल? पण ही माया विमानतळाच्या दाराशी पोचली की तिथं घड्याळ लागतं आणि त्या घड्याळाचे पैसे पडतात. त्याविषयीच थोडं लिहायचं आहे.

माझं माहेर बारामतीचं, सासर इंदापूरचं. दोन्हीकडच्या पाच-सहा जणांना गेल्या काही वर्षांत विमानापर्यंत पोचवून झालं आहे, त्यामुळं हा रस्ता आता शाळेच्या रस्त्याइतकाच पाठ झाला आहे. बारामतीला धावपट्टी आहे, पण तुमच्याआमच्यासारख्यांनी तिकीट काढून बसायचं विमान काही तिथून सुटत नाही. तेव्हा आपल्याला गाठायचं ते एकतर पुण्याचं लोहगाव, नाहीतर मुंबई. बारामतीहून पुणं शंभर किलोमीटरच्या आसपास, इंदापूरहून त्याहून तीसचाळीस जास्त. परदेशी जाणारी विमानं पुण्याहून मोजकीच, म्हणून बऱ्याच जणांची गाडी मुंबईच्याच रस्त्याला लागते.

इंदापूरहून निघालं की सोलापूर-पुणे महामार्ग पळसदेवपासून भिगवणपर्यंत उजनीच्या पाण्याच्या सोबतीनं जातो. १९८० मध्ये धरण पुरं झालं आणि जुन्या पळसदेवाचं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते पुन्हा वर येतं, मग लांबून लांबून लोक बघायला येतात. थंडीत भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. तेही लांबचेच प्रवासी, पण त्यांना ना बॅग, ना पार्किंग! पुढं कुरकुंभ, पाटस, चौफुला, यवत, उरुळी कांचन, लोणी काळभोर अशी गावं मागं पडतात. लोहगावला जायचं तर थेऊर फाट्याहून केसनंद-वाघोलीमार्गे वळता येतं किंवा हडपसर-खराडीकडून जाता येतं. बारामतीकरांना पाटसवरून किंवा मोरगाव-जेजुरी-सासवडवरून असे दोन्ही मार्ग मोकळे. मात्र आषाढीच्या दिवसांत तारखा बघूनच निघावं. तुकोबांची पालखी लोणी, यवत, वरवंड करत बारामती-इंदापूरवरून जाते आणि माउलींची दिवे घाट चढून सासवड-जेजुरीला येते. त्या दिवसांत हे दोन्ही रस्ते वारकऱ्यांचे. विमान काही पालखीसाठी थांबत नाही.

आता विमानतळाच्या दाराशी काय होतं ते बघू.

आपली गाडी विमानतळाच्या हद्दीत शिरते तिथं कुठं वेळेची चिठ्ठी मिळते, कुठं कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो, तर कुठं काचेवरचा फास्टॅग वाचला जातो. तिथून आपला वेळ मोजायला सुरुवात होते. ‘निर्गमन’ लिहिलेल्या दारासमोर गाडी उभी करायची, माणूस आणि सामान उतरवायचं आणि गाडी पुढं काढायची. यासाठी काही मिनिटं फुकट असतात. ती संपली की पैसे लागतात आणि गाडी सोडून ड्रायव्हर आत गेला तर ती उचलूनही नेतात. ज्यांना थांबायचं आहे त्यांनी गाडी पार्किंगमध्ये न्यायची. तिथं पहिल्या अर्ध्या तासाचा, मग पुढच्या तासांचा, असा चढत जाणारा दर असतो. पुण्याला २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये यासाठी एरोमॉल नावाची बहुमजली इमारत सुरू झाली. खासगी टॅक्सीत बसायलाही प्रवाशांना तिथंच जावं लागतं. नवं टर्मिनल १४ जुलै २०२४ पासून वापरात आलं. मुंबईला सहारच्या टर्मिनल २ मध्ये निघायचं दार सर्वांत वर, चौथ्या पातळीवर, आणि येणारे प्रवासी दुसऱ्या पातळीवर बाहेर पडतात. पार्किंगची बहुमजली इमारत शेजारीच आहे. प्रत्येक ठिकाणचे दर निराळे आणि ते बदलतातही, म्हणून मी इथं आकडे देत नाही. शिरतानाच्या फलकावर ते लिहिलेले असतात. भाजीचा भाव विचारल्याशिवाय आपण पिशवी पुढं करत नाही, तसाच तो फलक वाचल्याशिवाय गाडी पुढं नेऊ नये.

पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मलाही राग आला होता. रस्ता सरकारचा, गाडी आपली, माणूस आपलं, मग उभं राहायचे पैसे कसले? आमच्या घरी तर पुरुषमंडळींनी यावर एक पूर्ण जेवण वादात घालवलं. शेवटी मी फळ्यावर मांडतात तसा हिशेब कागदावर मांडला. समजा, दारासमोर वीस गाड्या लागतील एवढीच जागा आहे. प्रत्येक गाडी तीन मिनिटांत निघाली तर तासाला चारशे गाड्या येऊन जातील. प्रत्येक गाडी पंधरा मिनिटं थांबली तर फक्त ऐंशी. उरलेल्या तीनशे वीस गाड्यांतली माणसं मागं रांगेत विमान चुकवणार. नळावर एकीनंच हंडा, कळशी, बादली भरून शिवाय धुणं काढलं तर मागच्या बायका काय म्हणतील? तसंच ते. त्यात सुरक्षेचं कारणही आहे. ३० जून २००७ रोजी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या विमानतळाच्या दारावर दोघांनी पेटती जीप नेऊन आदळली होती. दाराशी उभ्या राहिलेल्या गाड्यांकडं तेव्हापासून जगभर संशयानं बघितलं जातं.

पण मैत्रिणींनो, नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हे पैसे नुसते शिस्तीचे नाहीत, कमाईचेही आहेत. पार्किंग, दुकानं, जाहिराती यांतून विमानतळाला मोठं उत्पन्न मिळतं. २०१६ च्या राष्ट्रीय विमान वाहतूक धोरणात असं ठरलं की, अशा इतर उत्पन्नातला तीस टक्के भाग विमान कंपन्यांचं आणि प्रवाशांचं शुल्क ठरवताना हिशेबात धरायचा, म्हणजे तेवढा बोजा कमी होतो. बाकीचा भाग विमानतळ चालवणाऱ्याकडं राहतो. आता, ज्याचं घर विमाननगरला आहे तो दहा मिनिटांत येतो, सोडतो, जातो. आपण साडेतीन तास गाडीत बसून येतो, कधी रात्रीच्या दोनला. म्हातारी माणसं आखडलेली असतात, लेकरांना लघवीला जायचं असतं. दोघांनाही मिनिटं मात्र सारखीच. लांबून येणाऱ्यांसाठी विमानतळाच्या बाहेर, कमी दरात तासभर गाडी लावायची जागा, चार बाकं, स्वच्छ संडास आणि चहाची टपरी असावी, अशी मागणी करणं काही वावगं नाही. आपल्या एस.टी. स्टँडवर सुद्धा एवढं असतंच.

परदेशात तरी काय वेगळं आहे? लंडनला असलेली माझी मामेबहीण सांगते की, तिथं हीथ्रो विमानतळावर नुसतं दारापर्यंत गाडी नेली, एक मिनिट थांबून माणूस उतरवलं, तरी पैसे पडतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये हे शुल्क सुरू झालं तेव्हा पाच पौंड होतं, पुढं वाढलं. एक पौंड म्हणजे शंभराहून जास्त रुपये, करा हिशेब! तिथं ना फाटक ना पावती. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत आपण होऊन पैसे भरायचे. विसरलं तर ऐंशी पौंडांच्या दंडाची नोटीस घरी. आपल्या देशातही वारं तिकडंच चाललं आहे. बंगळूरच्या विमानतळानं डिसेंबर २०२५ मध्ये घ्यायला येणाऱ्या खासगी गाड्यांसाठी नियम केला: आठ मिनिटं फुकट, तेरा मिनिटांपर्यंत दीडशे रुपये, अठरा मिनिटांपर्यंत तीनशे. तेव्हा रागावून भागणार नाही, आपली रीतच जरा नव्यानं बसवून घ्यावी लागेल. आणि ती का बसवायची, हे मला पैशांपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीनं शिकवलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाईंची लेक शिकायला जर्मनीला निघाली. विमान रात्री उशिराचं. घरची एक गाडी आणि भाड्यानं ठरवलेली एक, अशी नऊ माणसं आम्ही गेलो. विमानतळ कुठला ते सांगत नाही, कारण हे कुठंही घडलं असतं. दारासमोर गाड्या लागल्या, मुलीच्या बॅगा उतरल्या आणि सासूबाईंनी पिशवीतून खण-नारळ काढला. "थांबा, पोरीची ओटी राहिलीय." तिकडं शिट्टी वाजली. "माताजी, गाडी आगे लीजिए." ओटी होते न होते तोच कुणी म्हणालं, एका बॅगेचं वजन जास्त वाटतंय. झालं! तिथंच फूटपाथवर बॅग उघडली, मेतकुटाचा डबा इकडून तिकडं गेला, चकल्या या बॅगेतून त्या बॅगेत. मग फोटो. मुलगी आत गेली. तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय दारावरचे जवान आत सोडत नाहीत, म्हणून आम्ही सगळे काचेला नाक लावून बाहेर उभे.

तेवढ्यात दोन्ही गाड्या पुढं गेल्या होत्या आणि फाटकावर जादा वेळेचे पैसे मागितले गेले. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर आमच्याच तालुक्यातला, तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. त्यानं खिशातून भरले आणि काही बोलला नाही. आता गाड्या पार्किंगमध्ये घालायच्या तर पुन्हा तासाचे पैसे. म्हणून फोनवर त्याला सांगितलं गेलं, "बाहेर कुठंतरी थांब, आम्ही बोलावतो." विमान उडेपर्यंत हलायचं नाही, असा सासूबाईंचा हट्ट. तीन तास तो पोरगा त्या रस्त्यावर फिरत राहिला. इथं उभा राहिला की पोलीस हाकलत, तिथं उभा राहिला की मागचे भोंगे वाजवत. डोळा लावायला त्याला पाच मिनिटंही मिळाली नाहीत.

आम्ही परत निघालो तेव्हा पहाट व्हायची होती. गाडीत सगळ्यांना झोप लागलेली. यवतच्या पुढं गाडी एकदम खडबडली, कडेच्या मुरमावर उतरली आणि परत रस्त्यावर आली. पुढं पन्नास-साठ हातांवर उसाची ट्रॉली चालली होती, मागं ना लाल दिवा ना चकाकणारी पट्टी. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आपल्या भागातले रस्ते रात्री कसे असतात, ते तुम्हाला सांगायला नकोच. थोरले दीर पुढं बसले होते. त्यांनी शांतपणे गाडी बाजूला घ्यायला लावली. "बाळा, किल्ली दे, आणि मागं जाऊन झोप." तो म्हणाला, "नाही दादा, चालवतो मी." "झोप म्हटलं ना!" आम्ही सगळे खाली उतरलो, चहाच्या टपरीशी तासभर उभे राहिलो आणि तो सीटवर आडवा होऊन झोपला. तेवढ्या वेळात जाऊबाईंनी पर्स उघडून त्याचे फाटकावरचे पैसे काढून ठेवले. तो उठल्यावर हातात दिले तर म्हणतो, "राहू द्या काकू, तेवढ्याचं काय?" त्याचा रात्रीचा भत्ता जेवढा, जवळपास तेवढेच ते पैसे होते.

त्या टपरीशी उभं असताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. पार्किंगचे पैसे हे गाडी उभी करायचे पैसे नाहीत. ते गाडी चालवणाऱ्याच्या झोपेचे पैसे आहेत. ते वाचवले तर वाचत नाहीत. कुणीतरी दुसरं ते भरतं, कधी खिशातून, कधी डोळ्यांतून.

मग निरोपाचं काय? माझ्यापुरतं उत्तर मला शाळेत सापडलं. मी अर्धवेळ शिकवते, संस्कृतचे तासही माझ्याकडं असतात. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा कण्वमुनी आणि सगळा आश्रम तिला पोचवायला निघतो. वाटेत तळं लागतं, तेव्हा त्यांचा शिष्य आठवण करून देतो की, प्रिय माणसाला पाण्याच्या काठापर्यंतच पोचवावं असा संकेत आहे. निरोप इथंच द्यावा आणि मागं फिरावं. मग झाडाच्या सावलीत बसून, काय सांगायचं ते सांगून, मंडळी परततात. कण्वांची माया काय कमी होती? पण कुठंतरी थांबायचं असतं, आणि ती जागा आधी ठरलेली असली की रडणंही नीट होतं.

गेल्या वर्षी धाकट्या पुतण्याच्या वेळी आम्ही तेच केलं. इंदापूरहून सगळे निघालो ते पळसदेवच्या पुढं, उजनीचं पाणी दिसतं तिथपर्यंत. सावली बघून गाड्या लावल्या. सासूबाईंनी त्याला औक्षण केलं, हातावर दही दिलं, डब्यातले लाडू सगळ्यांनी खाल्ले. पाऊण तास बसलो. शिट्टी वाजवणारं कुणी नव्हतं आणि फोटो सुद्धा चांगले आले. मागं पाणी, वर आभाळ. मग फक्त त्याचे आईवडील आणि ड्रायव्हर पुढं गेले. आम्ही मागं फिरलो आणि दुपारच्या चहाला घरी! बारामतीच्या माझ्या वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमचं मोरगाव आहे की!" खरंच, अष्टविनायकांतला पहिला मयूरेश्वर आणि शेजारी कऱ्हा. बारामतीकरांना याहून चांगली जागा कोणती?

आता अनुभवातून जमलेल्या चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवल्यात तरी चालेल.

१. बॅगांचं वजन घरीच करा. छोटा लोंबता काटा बाजारात मिळतो, नाहीतर ओळखीच्या दुकानदाराचा काटा आहेच. लोणचं-तूप मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली चालत नाही. दारासमोर बॅग उघडायची वेळच येऊ देऊ नका. तिकीट आणि पासपोर्ट गाडीतून उतरण्याआधीच हातात असू द्या.

२. तिकिटावर विमानतळ आणि टर्मिनल नीट वाचा. मुंबईत सांताक्रूझचं टर्मिनल १ आणि सहारचं टर्मिनल २ ही दोन निराळी दारं आहेत. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, तो पनवेलच्या बाजूला. चुकीच्या दाराशी गेलात तर पार्किंगचे पैसे हा सर्वांत लहान तोटा ठरेल.

३. गाडी ठरवताना टोल, पार्किंग, जादा वेळेचे पैसे आणि रात्रीचा भत्ता कुणाकडं, हे आधीच बोला. जमलं तर फोनवर लिहून पाठवा. प्रवासात ज्याच्या हाती खर्चाचे पैसे असतील त्यानं शंभर-दोनशेच्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवाव्यात. फाटकावर ड्रायव्हरला खिशात हात घालावा लागू नये.

४. फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम आहे ना ते आदल्या रात्री बघा. काही विमानतळांवर पार्किंगचे पैसेही त्यातूनच जातात. घरच्या गाडीसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांचा वर्षाचा पास निघतो, तो तीन हजार रुपयांचा, वर्षभरात दोनशे फेऱ्यांसाठी सुरू झाला. वारंवार पुण्याला जाणाऱ्यांना पाटसच्या नाक्यावर तो उपयोगी पडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मात्र तो चालत नाही. मुंबईत शिरतानाच्या पाच नाक्यांवर मोटारींना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, हे लक्षात असू द्या. हिशेबात कुणी धरला तर विचारता येईल.

५. थांबायचंच असेल तर सरळ पार्किंगमध्ये थांबा. रात्रीचं विमान असेल तर ड्रायव्हरला दोन तास झोपू द्या आणि त्याच्या जेवणाचा डबा आपल्या डब्यांबरोबरच भरा. शक्य असेल तर उजाडल्यावर परत निघा.

६. कुणाला आणायला जाताना विमान उतरलं म्हणून लगेच दाराशी धावू नका. परदेशाहून आलेल्या माणसाला पासपोर्ट तपासणी आणि सामान यात तासभरही लागतो. पुण्याला वाघोली-खराडीकडं एखाद्या हॉटेलात चहा घेत बसावं. बॅगा हातात आल्याचा फोन आला की मगच गाडी पुढं घ्यावी. सामान थोडं असेल आणि मुंबईलाच उतरायचं असेल तर टर्मिनल २ ला ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रोचं स्टेशनही आहे.

कुणी म्हणेल, एवढा हिशेब करून पोचवायला जाण्यात जिव्हाळा तो काय राहिला? मला तसं वाटत नाही. आपण लग्नाचा हिशेब करतो, सणाचा करतो, पण त्यानं आनंद कमी होत नाही. उलट ऐनवेळी कुणाचं तोंड वाकडं होत नाही. निघालेल्या मुलालाही आपल्यामुळं म्हाताऱ्या आजीला रात्रभर फूटपाथवर उभं राहावं लागलं, हे बरं वाटत नसतं. आमची पुतणी तिकडं पोचल्यावर तिचा पहिला फोन आला, त्यात तिनं स्वतःविषयी काही सांगायच्या आधी विचारलं होतं, "तुम्ही सगळे घरी कधी पोचलात?" तिला खरं उत्तर कुणी दिलं नाही. पुतण्याच्या वेळी मात्र त्यानं विचारलं तेव्हा त्याच्या आईनं सरळ सांगितलं, "पार्किंगमध्ये गाडी लावली, ड्रायव्हर झोपला, आम्हीही थोडे कलंडलो आणि उजाडल्यावर निघालो. नऊला घरी होतो."